एक इंचही सोडू नका

वॉरन ट्रिंबलला इंजिनाची फक्त दोन झाकणं बदलायची होती. ही गोष्ट मे महिन्याची. ऑगस्ट उजाडेपर्यंत घरातला ओव्हन कायमचा बाद झाला होता, वस्तीच्या समितीकडून तीन पत्रं आली होती आणि त्याची बायको डोरीन गाडीला गाडी न म्हणता 'तुझं ते प्रकरण' म्हणू लागली होती.

गाडी त्याची नव्हती, हीच खरी अडचण. एकाहत्तर सालची, दोन दारांची, लांब नाकाची ती गाडी त्याच्या सासऱ्यांची. सासरे कॅझिमिर विटकोव्स्की, ओहायोतल्या सगळ्या पार्मा गावाचे कॅझ, वय त्र्याऐंशी. इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. दोन वर्षांपूर्वी डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी गाडी चालवणं सोडलं आणि चावी थोरल्या जावयाच्या हातात ठेवली. चावी फक्त. मालकीचा कागद त्यांच्या स्वयंपाकघरात बिस्किटांच्या डब्यात होता, आणि डब्यावर कुत्र्याच्या गोळ्यांची बाटली ठेवलेली होती.

"ऑगस्टात चर्चच्या आवारात गाड्यांचं प्रदर्शन असतं," कॅझ म्हणाले होते. "तिथे मी इंजिन बघणार. पटलं तर तिथल्या तिथे सही करीन. नाही पटलं तर गाडी अ‍ॅक्रनला, कर्टकडे."

कर्ट म्हणजे धाकटा जावई. डिकीत चार मोठे स्पीकर बसवायचे हा त्याचा बेत त्याने ईस्टरच्या जेवणात सर्वांसमोर जाहीर केला होता. त्या दिवसापासून वॉरनला ईस्टरच्या ताटातलं ते हॅम जात नव्हतं.

इथे वॉरन आणि कॅझ यांच्यातला एक नाजूक मुद्दा नोंदवून ठेवायला हवा. लग्नानंतरची पहिली अकरा वर्षं वॉरन त्यांना 'मिस्टर विटकोव्स्की' म्हणायचा. मग एका नाताळात कॅझ म्हणाले, "आता पुरे. मुलींसारखं पॉप म्हण." वॉरनची जीभ काही वळली नाही. पण 'मिस्टर विटकोव्स्की'ला मनाई झालेली. त्यामुळे गेली पंधरा वर्षं तो सासऱ्यांना कुठल्याच नावाने हाक मारत नव्हता. ते आपणहून आपल्याकडे बघेपर्यंत थांबायचा. फारच घाई असली तर खोकायचा.

झाकणांतून तेल गळत होतं, ते गरम नळीवर पडून धूर येत होता, म्हणून झाकणं बदलायची. जुनी इंजिनं हौसेने नटवणाऱ्यांसाठी सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीची यादी वॉरनने उघडली. त्याच्या इंजिनाची झाकणं होती, एकाच मापाची, एकाच आकाराची, आणि अकरा प्रकारच्या मुलाम्यांत. क्रोम. आरशासारखं पॉलिश. रेघारेघांचं पॉलिश. सुरकुत्या पडलेला काळा. सुरकुत्या पडलेला लाल. निळी झाक, सोनेरी झाक. ओतीव धातू जसा निघतो तसा. पुढची तीन नावं वाचायच्या आधीच त्याने कागद-पेन्सिल घेतली.

वॉरन दातांच्या विम्याच्या कचेरीत दावे तपासायचा. दाढ भरली म्हणून आलेल्या अर्जात एक चौकोन रिकामा राहिला असेल तर तो अर्ज परत पाठवणं हे त्याचं काम, आणि त्यात चोवीस वर्षांत कुणी त्याचा हात धरला नव्हता. अशा माणसाने मुलाम्यांचा तक्ता केला यात नवल नाही. उष्णता, गंज, बोटांचे ठसे, वय झाल्यावर दिसणार कसं, असे नऊ रकाने. मग कंपनीकडून नमुन्यांच्या पट्ट्या मागवल्या, त्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या, एकदा उन्हात बघितल्या, एकदा गॅरेजच्या ट्यूबखाली, एकदा डोळे किलकिले करून.

"हे घर रंगवताना भिंतींचा रंग तू चार मिनिटांत पसंत केलास," डोरीन म्हणाली. "मी घड्याळ लावलं होतं."

"भिंतीला बॉनेट नसतं, डोरीन."

"याचा अर्थ काय?"

याचा अर्थ त्यालाही सांगता आला नाही, पण उत्तर दिल्याचं समाधान मिळालं.

शेजारचा मर्ल स्टिग्लर निवृत्त न्हावी. त्याच्या गाडीचं इंजिन इतकं चकचकीत होतं, की त्यात बघून एखाद्याची दाढी करता आली असती. प्रदर्शनातला 'उत्तम इंजिन' चषक सलग सात वर्षं त्याच्या शेकोटीवरच्या फळीवर होता. तो कुंपणावर कोपर टेकून म्हणाला, "क्रोम. विषय संपला."

समोरच्या घरातला नॉर्बर्ट रस्ता ओलांडून आला तो केवळ याला विरोध करायला. "क्रोम टोस्टरला असतं रे. सुरकुत्यांचा काळा घे. पुरुषासारखा दिसतो."

"याच्या गाडीच्या सीटवर टेप आहे," मर्लने वॉरनला सांगितलं, जणू नॉर्बर्ट तिथे नव्हताच.

"आणि याच्याकडे सात कप आहेत पण गाडी चालवायची हिंमत नाही," नॉर्बर्टनेही वॉरनलाच सांगितलं.

वॉरनने क्रोम घेतलं. बसवलं. बॉनेट उघडून दोन पावलं मागे जाऊन बघितलं. झाकणं झगझगत होती आणि त्यामुळे बाकीचं इंजिन तळघरातून काढल्यासारखं दिसत होतं. एअर क्लीनरवरची जी धूळ पन्नास वर्षं कुणाला दिसली नव्हती ती आता क्रोममध्ये प्रतिबिंब पडून दोनदा दिसत होती. शिवाय वाकून बघितलं की झाकणात त्याचा स्वतःचा चेहरा खालून दिसायचा, आणि त्या कोनातून त्याला तीन हनुवट्या होत्या. मर्ल बघायला आला, "वा!" म्हणाला आणि नेमका झाकणावर अंगठा टेकला. तो ठसा पुसायला वॉरनला पाऊण तास लागला. ठसा गेला, पुसल्याच्या रेघा राहिल्या.

क्रोम परत गेलं. आता नॉर्बर्टची पाळी. सुरकुत्यांचा रंग डब्यात मिळतो, पण फवारल्यावर त्याला नीट ऊब दिली तरच सुरकुत्या पडतात. ही ऊब कुठून आणायची ते डब्यावर लिहिलेलं नव्हतं. डोरीन बहिणीकडे गेली होती. ओव्हन रिकामा होता, म्हणजे वॉरनला रिकामा वाटला. खालच्या कप्प्यात डोरीनने रविवारसाठी करून ठेवलेलं, पास्ता आणि चीजच्या थरांचं लझान्या होतं, वर फॉईल घातलेलं. सुरकुत्या मात्र अप्रतिम पडल्या. झाकणांवर, आणि लझान्यावरही.

त्या रविवारी ट्रिंबल कुटुंबाने पिझ्झा मागवला. पुढच्या रविवारीही, कारण ओव्हनमध्ये साधा पाव भाजला तरी घरभर रंगाच्या दुकानाचा वास सुटायचा.

"माझ्या आईची लझान्याची थाळी," डोरीन शांतपणे म्हणाली. ती शांतपणे बोलली की वॉरनला गाडीतून उतरून पळावंसं वाटे, गाडीत बसलेला नसला तरी. "आईच्या थाळीशेजारी तू झाकण भाजलंस."

"शेजारी नाही. वरच्या कप्प्यात."

तोपर्यंत इंजिनावरचे इतर भागही सुटे होऊन बाहेर आले होते. झाकणं नवी आणि ब्रॅकेट जुने, हे वॉरनला बघवेना. एअर क्लीनर, पुढची पुली, बॅटरीचा ट्रे, अल्टरनेटर धरणारा ब्रॅकेट, झाडून सारे बोल्ट. हे सगळं घासून-धुऊन त्याने मागच्या अंगणात कपड्यांच्या दोरीवर वाळत टांगलं. दुसऱ्या दिवशी समितीचं पहिलं पत्र आलं.

समितीच्या अध्यक्ष मिसेस प्रुएट यांना सुटी करून ठेवलेली गाडी आणि कपड्यांची दोरी या दोन्ही गोष्टी वर्ज्य होत्या. वॉरनने दोन्ही एकत्र आणल्या होत्या. त्याने नियम मागवून घेतले आणि कळवलं की दोरीविषयीचा नियम 'धुतलेल्या वस्त्रांना' लागू आहे, बॅटरीच्या ट्रेला नाही. दुसरं पत्र आलं, त्यात वस्त्रांच्या ऐवजी 'वस्तू' हा शब्द होता. तिसऱ्या पत्रासोबत एक अर्ज होता: दुरुस्तीसाठी तात्पुरती परवानगी. वॉरनने तो तीन प्रतींत भरला. मिसेस प्रुएट यांनी तो परत पाठवला, कारण सातव्या क्रमांकाचा चौकोन रिकामा होता. चोवीस वर्षांत वॉरन पहिल्यांदाच पलीकडच्या बाजूला उभा होता.

पण त्या अपमानातून एक निश्चय निघाला. यापुढे अर्धवट काही नाही. सगळे भाग पावडर कोटिंगला द्यायचे. धातूवर रंगाची कोरडी पूड चिकटवून भट्टीत वितळवतात, पातेल्याच्या मुठीवर असतो तसा जाड, गुळगुळीत थर बसतो. आणि रंग निळा. कारखान्यातून इंजिन निघालं तेव्हा होता तोच. तो नेमका कोणता हे सांगू शकणारा माणूस एकच होता, आणि वॉरनने त्यांना फोन केला. फोनवर एक सोय असते, नाव घ्यावं लागत नाही.

"निळा कोणता होता म्हणजे?" कॅझ म्हणाले. "कुठल्या पाळीचा? सोमवारी सकाळी पिंप ढवळलेलं नसायचं, तेव्हा फिका यायचा. शुक्रवारी गडद. आणि रंग ढवळणारा वाल्टर सुट्टीवर असला की काहीही."

"पण फवारताना अंदाजे किती वेळ...?"

"तीस सेकंद. एका इंजिनाला तीस सेकंद. मग पुढचं."

वॉरन अकराव्या आठवड्यात होता. त्याने फोन ठेवला आणि निळ्याच्या सहा पट्ट्या खिडकीत लावल्या.

"एक विचारू?" डोरीन म्हणाली. "पॉपना रस्त्यावरचा ट्रक दिसेना म्हणून त्यांनी गाडी सोडली. त्यांच्यासाठी तू निळ्याच्या छटा निवडतोयस?"

हा मुद्दा वॉरनच्या तक्त्यातल्या नऊ रकान्यांपैकी एकाही रकान्यात नव्हता. त्याने तो ऐकला नाही असं ठरवलं.

कोटिंगचं दुकान चालवणारी ग्वेन हाताला कोपरापर्यंत पावडर लागलेली, कमी बोलणारी बाई. तिने भाग मोजले, फॉर्म पुढे सरकवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "कुठली जागा कोरी सोडायची ते इथे लिहा. तिथे आम्ही टेप लावतो."

"कोरी?" वॉरनला दोरीवर टांगलेले भाग आठवले, तिन्ही हनुवट्या आठवल्या. "कुठलीच नाही. एक इंचही सोडू नका."

"बोल्टसुद्धा? ब्रॅकेटची मागची बाजूही?"

"सगळं."

"बघा हं. बरेच जण एखादी जागा सोडतात."

"बरेच जण," वॉरन म्हणाला, "अर्ज नीट भरत नाहीत." आणि ठळक अक्षरांत त्याने त्या ओळीवर लिहिलं: काहीही नाही.

भाग प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी मिळाले. ते इतके सुंदर झाले होते की डोरीनही आपसूक "अरे" म्हणाली. वॉरनने पांढरे हातमोजे घालून एकेक बसवला. शुक्रवारी दुपारी शेवटचा बोल्ट आवळला आणि एक निर्णय घेतला: इंजिन सुरू करायचं नाही. सुरू केलं की तापणार, तापलं की तेलाचा एखादा थेंब येणार. उद्या कॅझसमोर एकदाच सुरू करायचं, कोरं करकरीत.

मग चर्चपर्यंत गाडी जाणार कशी? ढकलत. पाचच चौक होते आणि रस्ता उताराचा होता. शनिवारी सकाळी मर्ल, नॉर्बर्ट आणि डोरीन मागून ढकलत होते, वॉरन खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरून चालत होता. मिसेस प्रुएट फुलांना पाणी घालत होत्या.

"शेवटी तुमच्या गाडीचा आवाज बंद झाला म्हणायचा, मिस्टर ट्रिंबल," त्या म्हणाल्या.

"प्रदर्शनासाठी आहे," वॉरन म्हणाला. मोठेपणा राखून गाडीशेजारून चालत जाणं अवघड असतं.

"हिचं नाव 'आवाज नाही' गटात दे," मागून धापा टाकत नॉर्बर्ट म्हणाला.

चर्चचं आवार भरलं होतं. बॉनेटं उघडलेल्या चाळीसेक गाड्या, तळलेल्या कांद्याचा वास, आणि पिएरोगीच्या, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्यांच्या, मांडवात चर्चच्या चिटणीस हेलिना बाई. त्या सरकारमान्य नोटरीही होत्या. ओहायोत गाडीच्या कागदावरची सही नोटरीसमोर करावी लागते, आधी केली तर कागद वाया. म्हणून हेलिना बाईंचा शिक्का आज पिएरोगीवर घालायच्या आंबट सायीच्या वाडग्याशेजारी तयार होता.

कॅझ घडीची खुर्ची घेऊन गाडीसमोर बसले. गुडघ्यावर बिस्किटांचा डबा. पलीकडे कर्ट उभा होता, अ‍ॅक्रनहून मुद्दाम आलेला, हातात मोजपट्टी.

"डिकी किती रुंद असेल रे, वॉरन?" त्याने सहज विचारलं.

वॉरनने बॉनेट उघडलं. आजूबाजूचे लोक खरोखर पुढे सरकले. मर्लने टोपी काढली. कॅझनी मान पुढे काढून बराच वेळ बघितलं.

"रंग कसा वाटतो?" वॉरनने विचारलं, खोकून झाल्यावर.

"करडा आहे, नाही का?"

"निळा आहे, पॉप," डोरीन म्हणाली.

"असेल. मला हल्ली सगळं करडंच दिसतं. सुरू कर बघू. इंजिन ऐकायची वस्तू आहे."

वॉरन बसला आणि किल्ली फिरवली.

टिक.

पुन्हा फिरवली. टिक. दिवे लागत होते. हॉर्न दणक्यात वाजला, पिएरोगीच्या रांगेतल्या एका बाईची बशी सुटली. इंजिन मात्र घड्याळासारखं एकदाच टिक म्हणायचं आणि गप्प व्हायचं.

सल्ल्यांना सुरुवात झाली. मर्लच्या मते बॅटरी. नॉर्बर्टच्या मते स्टार्टर, कारण मर्लच्या मते बॅटरी. कुणी बॅटरी बदलून बघितली, कुणी स्टार्टरवर लाकडाने ठोकलं, आणि प्रत्येक ठोक्याला वॉरन स्वतःला लागल्यासारखा "हळू, रंग!" म्हणत होता. फादर येऊन पाहून गेले आणि आज प्रवचनाचा विषय नम्रता आहे असं सांगून गेले. कर्ट डिकी मोजत होता.

वीस मिनिटांनी कॅझ खुर्चीतून उठले. "बाजूला व्हा सगळे. किती माश्या रे." त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, कारण त्याचा उपयोग नव्हता, आणि हात इंजिनात घातला. बोटं पुलीवरून ब्रॅकेटवर आली, तिथून बॅटरीच्या काळ्या तारेच्या टोकाशी. तिथे थांबली. अंगठा गोल गोल फिरला.

"वॉरन. इथे कोरी जागा ठेवली होती का?"

"नाही," वॉरन म्हणाला. "एक इंचही नाही." हे तो अभिमानाने सांगणार होता. वाक्याच्या मध्यावर अभिमान संपला.

"बॅटरीतून वीज जाते ती परत कशी येणार? उघड्या लोखंडातून. तू तिच्या वाटेवर पातेल्याच्या मुठीचा थर चढवलास." कॅझनी खिशातून चाकू काढला. "पाना दे."

त्यांनी बोल्ट काढला. मग, न बघता, चाकूच्या पात्याने त्या अकरा आठवड्यांच्या निळ्यावर घासायला सुरुवात केली. पुढून, मागून, मग बोल्टच्या मानेला. निळ्या कपच्या खाली पडत होत्या. डोरीनने वॉरनचा हात धरला. त्याने तो धरू दिला.

"कारखान्यात पहिली सहा वर्षं माझं काम काय होतं माहिती आहे?" घासता घासता कॅझ बोलत होते. "रंगाच्या आधी पत्र्याची टोपी लावायची. एवढीशी, नाण्याएवढी. नेमकी इथे. मागचा माणूस फवारायचा, पुढचा माणूस टोपी काढायचा. दिवसाला नऊशे टोप्या. डोरीनची आई, देव तिला शांती देवो, तिला लोक विचारायचे, नवरा काय करतो? ती सांगायची, एक जागा कोरी सोडतो. लोकांना वाटायचं थट्टा करते."

मर्ल मोठ्याने हसला. बाकी कुणी हसलं नाही, मग तोही थांबला.

कॅझनी बोल्ट आवळला. "फिरव."

वॉरनने किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं, त्याच्यासारखंच, आणि मग सुरू झालं. जाड, एकसारखा, पोटातून येणारा आवाज. कॅझनी डोळे मिटले आणि हवेत एक बोट हलवत काहीतरी मोजलं. सगळं आवार बघत होतं. कर्टने मोजपट्टी सोडली, ती सर्रकन आत गेली.

"झाकणांतून गळत नाही?" कॅझनी विचारलं.

"नाही."

"हेलिना! शिक्का आण. सायीत बुडवू नकोस."

कागदावर सही झाली. हेलिना बाईंनी तो उलटसुलट बघितला. "कॅझ, इथे एक चौकोन रिकामा राहिला."

सगळ्यांनी वॉरनकडे बघितलं. त्यालाही तो रिकामा चौकोन दिसला होता, तो सही होण्याच्या आधीच. त्याने काहीच म्हटलं नाही. कॅझनी चौकोन भरला, शिक्का पडला आणि गाडी वॉरनची झाली.

चषक अर्थात मर्ललाच मिळाला. परीक्षकांनी वॉरनच्या कागदावर लिहिलं: 'काम उत्कृष्ट. बॅटरीच्या तारेपाशी खरवडल्याची ठळक खूण. उणे चार.' मर्ल चषक काखेत मारून आला, वाकून ती खूण बघून हळहळला.

"माझ्याकडे निळ्या रंगाची छोटी बाटली आहे. दोन थेंबांत झाकून देतो. कुणाला कळणारही नाही."

"हात लावू नकोस," वॉरन म्हणाला. "ती जागा पॉपची आहे."

शब्द निघून गेला आणि मग तो वॉरनच्या लक्षात आला. डोरीनने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. खुर्चीत कॅझ पिएरोगी खात होते. त्यांनी घास गिळला, तोंड पुसलं, आणि काही ऐकलं की नाही याचा पत्ता लागू न देता म्हणाले,

"बॉनेट लाव, वॉरन, आणि मला घरी सोड. आणि या वेळी चालवत ने, ढकलत नको."